भूतानचा एक गोल

कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवा, मित्रांनो, कारण मला हळू बोलता येत नाही. मी एक जुना भोंगा आहे. लग्नात, मिरवणुकीत, झाडाला बांधलेला, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा, तोच मी. नेरच्या बाजारात जब्बारभाईचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे, तिथे माझा मुक्काम असतो. माझ्या कडेला एक पोचा आहे. तो एका वरातीत बैलगाडीवरून पडलो तेव्हाचा. त्या दिवशी नवरदेवही पडला होता, पण त्याची आठवण कोणी काढत नाही, माझा पोचा मात्र सगळे दाखवतात.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून ठोकून मला गोल केलं, पांढरा रंग दिला आणि खोक्यात भरून पाठवून दिलं. जब्बारभाईच्या वडिलांनी मला नेरला आणलं, तेव्हा जब्बारभाई शाळेत जात होता. बापानं त्याला सांगितलं, याला कधी जमिनीवर ठेवायचं नाही, हा बोलणारा माणूस आहे. तेव्हापासून जब्बारभाई मला उतरवताना आधी पोतं अंथरतो. इतकी इज्जत आजकाल माणसांनासुद्धा मिळत नाही.

काय काय नाही बोललो मी! लग्नपत्रिकेतली नावं वाचली. जनावरांच्या लसीकरणाची दवंडी दिली. निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा जयजयकार केला आणि दुपारी दुसऱ्याचा, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून केला. हरवलेल्या बकऱ्या, सापडलेल्या चपला, चुकलेली लेकरं, सगळ्यांचा पत्ता माझ्या तोंडून गावाला कळला. एक खोड मात्र माझ्यात जन्मापासून आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कानात जे पडलं ते बाहेर. पुढची सगळी गंमत या खोडीमुळेच झाली.

मधे माझे वाईट दिवसही आले. मोठमोठे बॉक्स आले, डीजे आला, छाती धडधडवणारा. लोक म्हणू लागले, जब्बारभाई, तो भोंगा नको, बॉक्स पाठवा. मी दुकानाच्या मागच्या फळीवर गेलो. तिथे चिमणीनं माझ्या तोंडात काड्या आणून टाकल्या. राग आला, पण ओरडणार कसा, वायर काढलेली होती.

मला तिथून काढलं निलोफर मॅडमनं. त्या नेरच्या शाळेत खेळ शिकवतात. गळ्यात शिट्टी, डोक्यावर रुमाल, आणि चालणं असं झपझप की सोबतच्यानं धावावं. त्यांनी मुलींची फुटबॉल स्पर्धा सुरू केली होती. पहिल्या वर्षी संघांना गावांची नावं होती आणि प्रेक्षकांत गावागावाची जुंपली. कोणाच्या तरी आत्याच्या सासरचा राग कॉर्नर किकवर निघाला. दुसऱ्या वर्षी मॅडमनं डोकं लढवलं. स्पर्धेचं नाव ठेवलं आशिया कप, आणि प्रत्येक संघाला चिठ्ठी काढून एकेक देश दिला. त्या म्हणाल्या, जॉर्डनसाठी नेरमध्ये कोण डोकं फोडून घेतो ते पाहू. खरंच, तेव्हापासून एकही भांडण झालं नाही. बॉक्स भाड्यानं आणायला पैसे नव्हते, म्हणून जब्बारभाईनं माझ्या तोंडातल्या काड्या काढल्या आणि मला मैदानाकडेच्या कडुनिंबावर चढवलं.

त्या नावांनी काय धमाल आणली म्हणून सांगू! यवतमाळला इराण मिळाला. कळंबला कतार मिळाला, तर त्या पोरी मैदानात येताना एकामागे एक अशी कतारच लावून आल्या. पुसदला जपान मिळाला. आणि पळसवाडी या बंजारा तांड्याच्या पोरींनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढली, तर निघाला भूतान. सगळं मैदान हसलं. भुतं आली, भुतं आली, असा गलका झाला. चिठ्ठी काढणारी कप्तान होती बबिता. नववीत शिकणारी, काटक, डाव्या पायानं खेळणारी. ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं भूगोलाचं पुस्तक काढून भूतान कुठे आहे ते पाहिलं आणि मैत्रिणींना म्हणाली, हा देशही तांड्याएवढाच हाय, डोंगरात हाय, अन् मोठ्या मोठ्या शेजाऱ्यांच्या मधात बसला हाय. आपल्याले बरोबर मिळाला.

पुढच्या दोन वर्षांत मॅडमनं पुन्हा चिठ्ठ्या काढायचं म्हटलं, तर या पोरींनी नाही म्हटलं. आम्ही भूतानच. तांड्यातली रूपीबाई, कशिद्याची मोठी कारागीर. तिनं पोरींच्या पिवळ्या सदऱ्यांवर भूतानच्या झेंड्यावरचा प्राणी भरला. झेंड्यावर असतो ड्रॅगन, म्हणजे उडणारा अजगर, पण रूपीबाईनं तो काही कधी पाहिला नव्हता. तिनं आपली ओळखीची घोरपड काढली, वर बिलोरी आरसे लावले. उन्हात ते असे चमकले की समोरच्या पोरींचे डोळे दिपले आणि मॅडमनं पहिल्याच सामन्यात सगळे आरसे उसवायला लावले. रूपीबाई दोन दिवस मॅडमशी बोलली नाही.

सगळं होतं मित्रांनो, पण गोल नव्हता. तीन वर्षांत नऊ सामने होत आले, आणि भूताननं एकही गोल केला नव्हता. एकही! मीच सांगतो ना, निकाल माझ्याच तोंडून जायचा. भूतान शून्य. दर वेळी भूतान शून्य. जब्बारभाई तो शब्द जरा हळू म्हणायचा, पण मला कुठे हळू बोलता येतं?

यंदा तर गोष्ट अंगावर आली होती. तांड्याजवळ या पोरी जिथे खेळत ते मैदान म्हणजे बबिताच्या आज्याचं, रामधनचं, पडीत वावर होतं. अर्धा एकर, दगडगोट्यांचं. यंदा त्या वावरात बोअरला पाणी लागलं. रामधन म्हणाला, आता संत्रा लावतो. त्यानं चुन्यानं खुणाही करून ठेवल्या, उन्हाळ्यात खड्डे खोदायचे म्हणून. पोरी त्या खुणांमधून चेंडू काढायच्या. बबितानं आज्यापुढे हात जोडले तेव्हा तो म्हणाला, तीन वर्षं झाली, तुम्ही धावता, पडता, पायाले माती लावून येता. एक गोल करून आणा, मंग वावर तुमचं. नाही झाला, तर संत्रा. रामधन दुष्ट नाही हो. कामाचा माणूस आहे, आणि ज्या गोष्टीतून काही उगवत नाही ती त्याला कळत नाही. हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर पोरी माइकच्या टेबलापाशी बसून बूट बांधायच्या आणि बोलायच्या. माझा एक कान तिथेच असतो.

यवतमाळच्या इराणनं भूतानला पाच गोल मारले. कळंबच्या कतारनं चार. उरला एक सामना, पुसदच्या जपानशी.

त्या दिवशी जानेवारीचं कोवळं ऊन होतं. तांडा जवळजवळ सगळाच आला होता. कापसाची शेवटची वेचणी सोडून बाया आल्या होत्या. रामधन पांढरा फेटा बांधून एका बाजूला उकिडवा बसला होता, हातावर तंबाखू. बबिताची आजी बसंतीबाई टोपलीभर भाकरी, ठेचा आणि कांदे घेऊन आली होती. पोरी हरोत की जिंकोत, उपाशी राहता कामा नये, एवढंच तिचं फुटबॉलचं ज्ञान. ती आणि रूपीबाई मंडपाच्या सावलीत, माइकच्या टेबलाला टेकून बसल्या.

हाफ टाईमला जपान तीन, भूतान शून्य. पुसदचा गोल राखणारी गोली होती करिश्मा, उंच, तरतरीत पोरगी. बबिताचे दोन चेंडू तिनं असे हवेतून वेचले की आमच्या जब्बारभाईच्या तोंडून ‘वाह’ निघून गेलं, आणि अर्थातच माझ्याही.

दुसरा हाफ सुरू झाला आणि जब्बारभाईच्या जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ झाली. त्यानं माइक टेबलावर ठेवला, बाजूच्या पोराला सांगितलं की पाच मिनिटांत येतो, आणि गेला. मित्रांनो, तीस वर्षांत जे झालं नाही ते त्या दिवशी झालं. खटका बंद करायचा राहिला. माइक टेबलावर जिवंत पडला होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसंतीबाई.

इकडे रूपीबाईनं करिश्माच्या पाठीवरचं नाव वाचलं. राठोड. तिनं बसंतीबाईला ढोसलं, म्हणाली, अगं, ही गोली तर आपलीच पोरगी, गोरमाटीच. बंजारा लोक स्वतःला गोरमाटी म्हणतात. बसंतीबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. पोरगी उन्हात एकटीच उभी. सकाळी पुसदहून निघाली असेल, बसमध्ये आदळत आली असेल, पोटात काही असेल की नसेल. म्हातारीचा जीव कळवळला. सामना चालू आहे, ही समोरच्या संघाची आहे, तिच्याचमुळे आपल्या नातीचा गोल अडला आहे, यातलं काही तिच्या मनात आलं नाही. तिनं मान उंचावली आणि शेतातून लेकरांना हाक मारतात तशी हाक मारली.

“ये छोरी, आव, बाटी खाल!”

म्हणजे, ये पोरी, भाकरी खाऊन घे. म्हातारी बोलली तिच्या आवाजात, पण मैदानावर गेली ती माझ्या आवाजात. कडुनिंबावरून, चारी दिशांना. सगळं मैदान चमकलं. आणि करिश्मा? परक्या गावात, भर दुपारी, आभाळातून आपल्या घरच्या बोलीत जेवायची हाक आली, तर कोणती पोरगी वळणार नाही? ती वळली. पार मागे वळून माझ्याकडे तोंड वर करून पाहत राहिली. त्याच क्षणी बबितानं डाव्या पायानं चेंडू मारला होता, लांबून, जमिनीलगत. तो घरंगळत, कसलीही घाई नसल्यासारखा, करिश्माच्या मागून जाळ्यात गेला.

गोल! अरे, गोल! तांडा उठला, नाचला, कोणाचा फेटा कोणाच्या डोक्यावर हे कळेना. भूतानच्या अकरा पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. बसंतीबाई विचारत होती, झालं काय, झालं काय. मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्या मैदानाचा आरडाओरडा पुन्हा मैदानालाच ऐकवत होतो.

पण पुसदचे सर धावत आले. त्यांचं म्हणणं, भोंग्यावरून आमच्या गोलीला काहीतरी बोललं गेलं, शिवी दिली असेल, मुद्दाम केलं असेल. निलोफर मॅडमनं शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, काय बोलले? स्पर्धेच्या कमिटीतल्या कोणाला बंजाऱ्यांची गोरबोली येत नव्हती. रूपीबाईनं क्षणात सांगून टाकलं, काही नाही मॅडम, बकरीले बोलावत होती. तांड्यातल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या, हो हो, बकरीलेच. मॅडमनं करिश्माकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं, पण भाकरीसाठी गोल सोडला हे आपल्या सरांसमोर कसं सांगायचं, म्हणून ती खाली मान घालून बुटाची नाडी पाहत राहिली.

मग मॅडम बबिताकडे वळल्या. कप्तान तू, तू सांग, म्हणाल्या.

मित्रांनो, मी वरून पाहत होतो. बबितानं एकदा रूपीबाईकडे पाहिलं. एकदा आज्याकडे पाहिलं. रामधन उभा राहिला होता, तंबाखू तशीच हातावर. नुसतं ‘बकरी’ म्हणायचं होतं तिनं. एक शब्द, आणि वावर त्यांचं झालं असतं, तीन वर्षांचं शून्य पुसलं गेलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण गं बाई, बकरी म्हण. जन्मभर खरं-खोटं सगळं सारख्याच जोरात बोललेला मी, मला त्यात काय वाटणार होतं!

बबिताचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “बकरी नाही मॅडम. माह्या आजीनं तिले जेवाले बोलावलं. म्हनून ते वळली. नाहीतर तिनं अडवला असता.”

मैदान हसलं. मॅडमनं बबिताच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी सांगितलं की बाहेरून अडथळा आला, असा गोल धरता येत नाही. तेवढ्यात जब्बारभाई धावत आला, खटका पाहिला आणि डोक्याला हात लावला. माइक उचलून म्हणाला, “गलती माही आहे. पोट्ट्याइची नाही, आजीची नाही. माही आहे.” आणि खटका बंद केला.

मग उरलेली आठ मिनिटं मी मुका होतो. भूतानच्या पोरी जीव तोडून खेळल्या. बबितानं आणखी एक मारला, तो करिश्मानं झेप घेऊन धरला. शिट्टी झाली. जब्बारभाईनं खटका वर केला, आणि मला बोलावंच लागलं. जपान तीन, भूतान शून्य. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण फळीवरच बरे होतो.

बसंतीबाई टोपलीशी बसून पदरानं डोळे पुसत होती. माह्यामुळं पोरीचं वावर गेलं, एवढंच म्हणत होती. बबिता तिला समजावत होती, आणि स्वतःच रडत होती.

तेव्हा रामधन मंडपाकडे चालत आला. हा माणूस माइकला भिणारा. स्वतःच्या पोराच्या लग्नात आहेर वाचायला बोलावलं तर वावरात पळून गेला होता. त्यानं जब्बारभाईकडे हात पुढे केला. जब्बारभाईनं दोनदा विचारलं, चालू करू ना, नक्की? मग माइक दिला.

“मी रामधन, पळसवाडी तांड्याचा,” तो म्हणाला, आणि माझ्याच आवाजाला दचकून थांबला. मग धीर करून पुढे बोलला. “मी पोट्ट्याइले म्हनलं होतं, एक गोल आणा, नाहीतर वावरात संत्रा लावतो. कमिटीनं शून्य लेहलं. बरोबर लेहलं. पन माह्या नातीनं आता तुमच्या सगळ्याइसमोर एक गोल वापस देल्ला. जे आपल्यापाशी नाही, ते कोनी वापस देऊ शकते का? गोल होता, म्हनून तं देता आला.” त्यानं फेटा सावरला. “वावर पोट्ट्याइचं. संत्र्याचं पाहू कुठं लावाचं ते.”

एवढं बोलून त्यानं माइक असा परत दिला जसा काही तापलेला तवा. मी खूप भाषणं केली आहेत, मित्रांनो, पुढाऱ्यांची, पाहुण्यांची, दोन-दोन तास. इतकं छोटं आणि इतकं मोठं भाषण माझ्या तोंडून दुसरं गेलं नाही. पुसदचे सर सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागले. बबिता आज्याच्या कमरेला जी बिलगली ती सोडेचना. आणि करिश्मा? ती गोलपोस्ट सोडून सरळ टोपलीपाशी आली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, आजी, द्या आता. चार भाकरी खाल्ल्या पठ्ठीनं. बसंतीबाईनं मोजल्या नाहीत, रूपीबाईनं मोजल्या.

कमिटीनं पुढच्या वर्षीसाठी नवे बॉक्स घ्यायचं ठरवलं आहे. खटक्याला लाल दिवा असलेले. ठरवू द्या. जब्बारभाई मला सुट्टीच्या दिवशी कधीकधी मोटरसायकलवर बांधून तांड्यावर नेतो. त्या अर्ध्या एकरात पोरी खेळतात, पुसदहून करिश्मा येते, आणि मी कडेच्या बाभळीवरून सगळ्यांची नावं घेतो, पूर्ण, आडनावासकट. रामधन आता बांधावर बसून पंचाच्या चुका काढतो. त्याला नियम येत नाहीत, पण तेवढ्यानं तो थांबत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या भोंग्याचं एवढं ऐकलंत, आता एक मागणं ऐका. मला पुसून ठेवा, तोंडात काड्या साचू देऊ नका, आणि बोलून झालं की खटका तेवढा पाहा. पण ते राहिलं तरी चालेल. तुमच्या गावातही एखादा भूतान असेलच, दर वेळी शून्यावर हरणारा, तरी पुन्हा बूट बांधणारा. त्याला खेळायला जागा ठेवा. मैदान तुम्ही सांभाळा, आवाजाचं मी पाहून घेतो.